एकच ताट

शके १८५२, कार्तिक शुद्ध ६

ही वही मला फुकट मिळाली. मोंढ्यातल्या अडतीवरचे गुमास्ते दर दिवाळीला नव्या रोजमेळाच्या चार वह्या बांधून घेतात. यंदा त्यांनी एकीचीच पूजा केली. उरलेल्यातली एक माझ्या हातात ठेवून म्हणाले, "चंद्रभान, तू चौथी शिकलेला. अभंग लिही, नाहीतर पोरांना दे गिरवायला." अभंग मला सुचत नाहीत आणि पोरांना दिली तर आठ दिवसांत तिच्या होड्या होतील. म्हणून मीच लिहायला बसलोय.

मी मानवतच्या मोंढ्यात माणिकरावांच्या खाणावळीत वाढपी आहे. अकरा वर्षं झाली. मालक गल्ल्यावर बसतात, मालकीणबाई कस्तुराबाई कोठीचं बघतात, कडूबाई भाकरी थापते, रायभान पाणी भरतो आणि भांडी घासतो. वाढतो मी एकटा. दुपारची पंगत उठली की आता घटकाभर मोकळा असतो. गेल्या सालापर्यंत हा मोकळा वेळ नव्हता. दसरा झाला की कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकापासून थेट मारुतीच्या पारापर्यंत लागायच्या. गाडीवान, हमाल, मापाडी, तहसिलीत पेशीला आलेली माणसं. एक पंगत बसलेली, दुसरी तिच्या पाठीशी उभी. यंदा गाड्या थोड्या, आणि त्यातल्या कितीतरी माल न विकताच माघारी जातात.

भाव पडलाय म्हणतात. कुठे अमेरिकेत पडला म्हणे. तिकडे पडलेल्याचा आवाज मानवतला का यावा, हे मला कळत नाही. गुमास्त्यांनाही कळत नसावं, कारण ते फार वेळ समजावून सांगत होते.

कार्तिक वद्य ३

आज मालकांनी मला आग्रह करायची मनाई केली.

वाढणं म्हणजे काय नुसतं भाकरी टाकत जाणं? ताटावर आडवा आलेला पहिला हात लाजेचा असतो, दुसरा रीतीचा, तिसरा खरा. तिसरा हात येईपर्यंत वाढप्याने हलायचं नाही, हे मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी सांगितलं. जिंतूरचे एक पाटील पेशीला आले की दुसरीकडे जेवत नसत. म्हणत, "घरी बायको बी इतकं म्हनत न्हाई." तो लौकिक माझा होता. खाणावळीचा होता असं मालक म्हणतील, पण माझा होता.

"एकदा इचारायचं, न्हाई म्हनला की फुडं जायचं," मालक म्हणाले. आता पोटभर जेवण बंद, भाकरीगणिक दर. संध्याकाळी दोन सख्खे चुलतभाऊ आले. दोघांत एक ताट मागितलं. मी एकदा विचारलं आणि पुढे गेलो. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. धाकटा बोटाने वाटी निपटत होता.

मार्गशीर्ष शुद्ध १२

आज रायभानचं ताट मांडलं नाही.

आमच्याकडे कुणाला "उद्यापासून येऊ नको" असं तोंडाने म्हणत नाहीत. अन्नाच्या घरात तसं बोलू नये, असं मालकांच्या वडिलांपासून चालत आलंय. पंगत उठली की कस्तुराबाई मागच्या पडवीत भिंतीला लावून कामाच्या माणसांची ताटं मांडतात. ज्या दिवशी ताट कमी, त्या दिवशी एक माणूस कमी. पूर्वी सुगी संपली की वरकामाच्या दोघातिघांची ताटं अशी कमी व्हायची, दसऱ्याला पुन्हा मांडली जायची. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पण भर मार्गशीर्षात, ऐन सुगीत, हे मी पहिल्यांदा बघितलं.

तीनच्या जागी दोन ताटं. एकात ठेचा होता आणि एकात गुळाचा खडा, म्हणून ओळखायला अडचण नव्हती. कडूबाईचं तोंड वर्षभर आलेलं असतं, तिला तिखट चालत नाही. मालकीणबाई तिच्या ताटात ठेच्याऐवजी गूळ ठेवतात. "नाव कडू आन् खानं ग्वाड," असं रायभान रोज एकदा तरी म्हणायचाच. आज म्हणाला नाही. ठेचा माझा की त्याचा, असा प्रश्न खरं तर निघू शकला असता. पण भांडी कुणीही घासतं. हे त्याचं त्यालाच कळलं. खांद्यावरचं फडकं त्याने दोरीवर वाळत घातलं आणि म्हणाला, "भावाची मेंढरं हायत. जातो तिकडं."

कडूबाई त्याला म्हणाली, "पानी तर पिऊन जा." तो प्यायला.

पौष वद्य ७

आज पडवीत एकच ताट होतं.

मी हात धुऊन आलो, कडूबाई पिठाचे हात पुसत आली. दोघंही उभे. कस्तुराबाई आत चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि विझलेल्या चुलीतली राख उगीच पुढे ओढत होत्या. मालक गल्ल्यावर.

मी मनात एवढाच विचार केला, की वाढप्यावाचून खाणावळ कशी चालेल? भाकरी काय, घरातलं बाईमाणूसही थापेल. गिऱ्हाईक सांभाळणं तसं नाही. अकरा वर्षं. शिवाय घरी नर्मदा आहे, दोन पोरं आहेत. कडूबाई एकटी, म्हणजे तिचे म्हातारे वडील आश्रुबा आहेत, पण म्हाताऱ्याला लागतं ते काय?

मी बसलो.

कडूबाई जराशी थांबली. मग तिने तांब्या भरून माझ्या उजव्या हाताला ठेवला आणि म्हणाली, "सावकाश जेव." मागच्या दाराने गेली. तिची पावलं मी ऐकली नाहीत, कारण खाली मान घालून जेवत होतो.

ताटात ठेचा नव्हता. गूळ होता. संक्रांत चार दिवसांवर आली, म्हणून मालकीणबाईंनी ठेवला असेल. चांगला होता.

पौष वद्य ८

सकाळी पाण्याचं भांडं घेऊन उभा होतो, तेवढ्यात मालक आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू?" मग आत मालकीणबाईंकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. बरं. वाढ."

मालकीणबाईंनी स्वतः परातीत पीठ घेतलं आणि थापायला बसल्या. कडूबाईला काढल्याचं दोघांनाही लागलेलं दिसतंय. चांगली माणसं आहेत. एवढी वर्षं तिने चूल सांभाळली, मन दुखणारच.

कडूबाई काही आली नाही.

पौष वद्य १०

आजही आली नाही. येण्याचं कारणही नाही म्हणा.

माघ शुद्ध ५

भाकरी जाड होते. कडेला कच्ची, मधे करपलेली. मालकीणबाईंच्या तळहाताला फोड आले, त्यावर तेल लावून फडकं बांधतात आणि तशाच थापतात. जिनिंगवरच्या एका हमालाने भाकरी हातात तोलून धरली आणि मालकांना हाक मारली, "मालक, जिनिंगचं फाटक वाऱ्यानं आपटायलाय. टेकन द्यायला ही द्या की!" पंगत हसली. मीही हसलो, मग थांबलो. मालक हसले नाहीत.

हमाल दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्याबरोबर जेवणारे चौघेही आले नाहीत.

नर्मदा सांगत होती, तिने कडूबाईला आणि आश्रुबांना एका रिकाम्या गाडीत बसून जाताना बघितलं. ताडकळसला त्यांचं मूळ घर आहे. म्हाताऱ्याच्या मांडीवर तवा होता म्हणे.

शके १८५३, चैत्र शुद्ध ४

हे लिहायला नको होतं. पण वही मी कुणाला दाखवत नाही, आणि आज दुसरं काही सुचत नाही.

सकाळी मी मालकीणबाईंना एवढंच म्हणालो, की भाकरी थोडी पातळ झाली तर बरं, गिऱ्हाईक कुरकुर करतंय. त्यांनी हातातला गोळा परातीत आपटला.

"चंद्रभान, तुला डोळे हायत का? मी ताटात गूळ ठिवला व्हता. आपल्यात गूळ कुनाचा असतोय?"

मी म्हणालो, "संक्रांत व्हती म्हनून..."

"संक्रांत! चार दिस आधी संक्रांत करतात व्हय कुनी? ह्यांचं अन् माझं ठरलं व्हतं. वाढायला हे सोता उभे ऱ्हानार व्हते. चुलीवर कडूबाई पायजे व्हती. तू येऊन तिच्या ताटावर बसलास, आन् माझे हे हात झाले." त्यांनी फडकं सोडून हात पुढे केले. मी बघितले.

मालक गल्ल्यावरून उठून आले. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाले, "जेवत्या मानसाला काय म्हनायचं मी? वाटलं, दुसऱ्या दिशी ती आली की बोलू. ती आली न्हाई. तू मातर सकाळच्याला पान्याचं भांडं घिऊन उभाच. मग म्हनलं, ऱ्हाऊ दे. दोघांतलं कुनीतरी एकच ठिवायचं व्हतं."

मला माहीत नव्हतं, असं मी इथे लिहिलं होतं. ते खोडलंय. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. गूळ मला दिसला होता. जिभेला तर पहिल्या घासालाच कळला होता.

चैत्र शुद्ध ५

नर्मदाला सांगितलं. ती पोराच्या डोक्यातल्या उवा बघत होती.

"तुमी उठला असता तर आपुन कुटं गेलो असतो? तिला ताडकळस तरी हाय. आपल्याला कोन हाय?"

मी म्हणालो, "मग आता काय करू?"

"आता गप ऱ्हा," ती म्हणाली.

चैत्र वद्य २

ताडकळसला जाऊन सांगून यायचं ठरवलं. पौर्णिमेला जाणार होतो, तेव्हा मोंढ्यात तालुक्याच्या साहेबांची माणसं उतरली आणि जेवायला आमच्याकडे आली. पुढच्या पंधरवड्यात जाईन.

वैशाख शुद्ध ९

गेलो नाही. आगगाडीचं भाडं हे एक कारण. उन्हं हे दुसरं. तिसरं कारण असं, की मी जाऊन सांगितलं तर मालक तिला परत बोलावतील. मग पडवीत ताट कुणाचं राहील?

हे लिहिलंय ते खोडणार नाही.

ज्येष्ठ शुद्ध २

रायभान मेंढरं घेऊन इकडून गेला. पाण्याला खाणावळीच्या मागे थांबला. काळा पडलाय, गालफडं बसलीत. म्हणाला, ताडकळसला आश्रुबा गेले. तापात. कडूबाई सडकेच्या कामावर खडी फोडायला जाते.

मी त्याला आत बोलावून दोन भाकऱ्या दिल्या, माझ्या वाटच्या. मालकांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

ज्येष्ठ शुद्ध ३

तापात गेले, असं रायभान म्हणाला. तापात माणसं जातातच. या उन्हाळ्यात मानवतलाही चारपाच जण गेले.

शके १८५४, भाद्रपद वद्य ८

बरेच दिवस वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही. पगार बंद होऊन साल उलटलं, आता नुसतं दोन वेळचं जेवण. रात्री तांब्याभर आमटी घरी न्यायला मालकीणबाईंनी मुभा दिली आहे. नर्मदा निंदायला जाते, तिथेही बायका जास्त आणि रानं कमी.

चुलीवर आता मी बसतो. मालकीणबाईंचं मनगट कामातून गेलं. मी भाकरी थापतो आणि मीच वाढतो. माणसं दहाबारा असतात, त्यात काही अवघड नाही. थापताना परातीवर हाताचा जो आवाज येतो, तो कडूबाईचा निराळा होता. तिचा एका लयीत यायचा, त्यावरून मी ताटं सरकवायचो. माझा अडखळतो. अकरा वर्षं तो आवाज ऐकला आणि ती गेल्यावरच ऐकला असं वाटतं. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, मी तिला आक्का म्हणायचो. घरातलं कुणी बोललं नसेल इतकं आम्ही त्या चुलीपाशी बोललोय.

थकवा येतो. काम कमी झालं तसा थकवा वाढला. पूर्वी दोनशे ताटं वाढून मी पोरांना खांद्यावर घेऊन बाजार फिरवायचो.

शके १८५५, कार्तिक शुद्ध १०

गाड्या आल्या!

पारापर्यंत नाहीत, पण विहिरीपर्यंत तरी आल्यात. भाव उठला म्हणतात. गुमास्ते पुन्हा समजावून सांगायला लागले आहेत. जिनिंगचा भोंगा दोन वेळा वाजतो. काल सकाळी चाळीस ताटं झाली, आज साठ. मी पिठात आणि पंगतीत असा धावत होतो की दोन्हीकडे हाका.

मालकांनी पुढच्या बाजूला बाकडी टाकली आहेत. चहा सुरू केला. मालकीणबाईंचा भाऊ भुजंग परभणीहून आलाय, स्टेशनाजवळच्या एका चहाच्या दुकानात तो तीन वर्षं होता. चांगला चलाख आहे. चार कप एका हातात धरतो. मालक मला म्हणाले, "चंद्रभान, कोन गिऱ्हाईक कुठलं, कुनाला काय लागतं, कोन उधारीचं, कोन रोखीचं, समदं भुजंगाला सांगून ठिव. तुझ्याइतकं कुनाला ठावं न्हाई." अकरा आणि तीन, चौदा वर्षांनी हे ऐकायला मिळालं. बरं वाटलं. दोन दिवस बसून त्याला सगळं सांगितलं. जिंतूरच्या पाटलांना आमटीत लिंबू लागतं, हेसुद्धा.

भुजंगाने विचारलं, "आन् आग्रह?" मी म्हणालो तो शिकवून येत नाही. तो म्हणाला, "बरं झालं. आता कुनाला टाइम बी न्हाई." खरं आहे. माणसं बाकड्यावर बसतात, खातात, उठतात. मी एकाला तिसऱ्यांदा विचारलं तर तो वैतागून म्हणाला, "न्हाई म्हनलं की एकदा!"

कार्तिक शुद्ध १३

मालक म्हणाले, "तुझ्या भाकरीला गिऱ्हाईक टिकायचं न्हाई. कडूबाईला घिऊन ये. पगार चालू करतो म्हन."

मला तर देवानेच बोलावणं धाडल्यासारखं झालं. तिला तिची जागा मिळेल, मी मोकळा होईन, आणि पंगतीला मी, चुलीला आक्का, पुन्हा पहिल्यासारखं. नर्मदा म्हणाली, "आन् तुमी? चुलीवर ती, पंगतीत भुजंग." मी म्हणालो, सुगी वाढतेय, माणसं लागणारच. तिला धंद्यातलं काय कळतंय?

उद्या निघतो.

कार्तिक शुद्ध १५

परभणीपर्यंत आगगाडीने, तिथून एका गाडीवानाच्या ओळखीने ताडकळस. आठवड्याचा बाजार भरला होता. घर विचारत होतो तर एक म्हातारा म्हणाला, "कडूबाई घरी कशाला घावंल? लिंबाखाली बगा, जनावरांच्या बाजाराच्या कडंला."

लिंबाखाली तीन दगडांची चूल, भाकऱ्यांची पाटी, पिठल्याचं पातेलं. दहाबारा माणसं पोत्यांवर बसून जेवत होती, बहुतेक मेंढरं विकायला आलेली. ती वाढत होती. केस पांढरे झालेत. उजव्या हाताचं मधलं बोट वळत नाही, खडी फोडताना ठेचलं असावं. तरी भाकरी पहिल्यासारखीच, कागदासारखी पातळ.

तिने मला लांबूनच बघितलं होतं. जवळ गेल्यावर म्हणाली, "बस." पोतं सरकवलं. मी बसलो. पिठलं, भाकरी, कांदा.

मी निरोप सांगितला. मालकांनी बोलावलंय, पगार आहे, गाड्या आल्यात.

"येत न्हाई," ती म्हणाली. "हितं कुनी माझं ताट मांडत न्हाई. मीच मांडते लोकांची. आठवड्यात चार बाजार करते. चाललंय."

मग मी बोललो. वाटेत चार वेळा मनात घोकलं होतं, ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "आक्का, ते ताट तुमचं व्हतं."

"ठावं हाय. गूळ मला बी दिसला."

"मग मला उठवलं का न्हाई?"

"घास तोंडात घातलेल्या मानसाला उठिवत्यात का रं?" ती एका धनगराला भाकरी वाढून आली. मग म्हणाली, "मला वाटलं व्हतं, सांच्याला येशील. न्हाईतर सकाळच्याला. तुझ्या जिभंला तर कळलंच असंल. दोन दिस मी अन् बाबा दारात बसून व्हतो. बाबा म्हनायचे, चंद्रभान येतोय बग, चांगलं पोरगं हाय. तिसऱ्या दिशी पीठ सपलं. मग गाडी बगितली."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. बाजारात कुणीतरी बैलाचा सौदा मोडून मोठ्याने भांडत होतं.

"आश्रुबाबा..." मी म्हणालो.

"ताप व्हता," ती म्हणाली. "उपाशी मानूस तापाला लवकर घावतंय. त्येंनी त्यांची भाकर मला ठिवायची, मी त्यास्नी ठिवायची, आन् ती वाळून जायची." हे तिने नेहमीच्याच आवाजात सांगितलं, पिठीच्या डब्याचं झाकण लावता लावता.

"आक्का, मला माफ करा."

राग नव्हता तिच्या तोंडावर. थकलेली दिसत होती, एवढंच.

"बाबा असते तर त्येंनी केलं असतं. लय मऊ मानूस. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, चंद्रभान. मी लय येळा मनाला इचारून बगितलं. व्हत न्हाई." मग पाटीतून एक भाकरी उचलून म्हणाली, "अजून घे. लांबून आलास."

मी ताटावर हात धरला. तिने भाकरी परत ठेवली.

उठताना पैसे पुढे केले. ती नको म्हणेल असं मला वाटलं, म्हणावं असंही वाटलं. तिने घेतले आणि कमरेच्या पिशवीत टाकले, जसे त्या धनगराचे टाकले होते तसेच. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

कार्तिक वद्य २

परत आलो. मालकांना सांगितलं, येत नाही म्हणते. ते म्हणाले, "न्हाई तर न्हाई. भुजंगाची बायको येनारच हाय, ती थापंल." का येत नाही, हे त्यांनी विचारलं नाही. मालकीणबाईंनी आतून विचारलं, "बरी हाय का?" मी म्हणालो बरी आहे.

नर्मदाला सगळं सांगितलं नाही. पैसे घेतल्याचं तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "मग काय फुकट जेवू घालावं तुमाला?"

कार्तिक वद्य ५

आज शंभरावर ताटं झाली. भुजंगाची बायको काल आली, हात साफ आहे तिचा. भुजंग सगळ्यांना नावाने हाका मारतो. जिंतूरचे पाटील आले होते, त्यांना न मागता लिंबू दिलं, पाटील खूश. मी त्यांच्यासमोर उभा होतो, पण गर्दीत त्यांनी मला ओळखलं नसावं. मला फारसं वाढावं लागलं नाही. पाणी दिलं, भांडी उचलली.

मालक म्हणाले, "चंद्रभान, सुगीची घाई सरू दे, मग तुझ्याशी बोलायचंय." पगाराचंच असेल.

ताडकळसहून येताना आगगाडीत मी ठरवलं होतं, की आता खाणावळीत जेवायचं नाही. काम करीन, पण त्या पडवीत बसायचं नाही. काल आणि परवा मी काही निमित्त काढून बाहेर गेलो आणि घरी येऊन पाणी प्यायलो. आज पंगत उठली तेव्हा ऊन कललं होतं. मालकीणबाईंनी ताटं मांडली. भुजंग बसला, त्याची बायको बसली. माझंही होतं. मी भिंतीपाशी उभा राहिलो आणि मनाला म्हणालो, आता बाहेर जा.

भाकरी गरम होती. पहाटेपासून धावत होतो आणि भूक लागली होती. बसलो.